पाण्यातले जळण

पाणी फोडले म्हणजे प्राणवायू आणि हायड्रोजन मिळतात, हे आपण शाळेत शिकलो. यातला हायड्रोजन जुळविण्यास प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक नाही. पण तो परवडायचा कोणाला? डबक्यातले हिरवे शेवाळ तेच काम लोखंडाच्या चार-सहा अणूंवर भागविते! १९४२ साली गॅफ्रॉन आणि रुबिन यांनी शेवाळातून उजेडात हायड्रोजन निघतो असे दाखविले. अडचण अशी, की हायड्रोजन घडविणारे एन्झाइम प्राणवायूने निकामी होते, आणि पाणी फुटताना प्राणवायू तर निघणारच. २००० साली मेलिस व सहकाऱ्यांनी शेवाळाला गंधकावाचून ठेवले. प्राणवायू मंदावला, निघाला तेवढा शेवाळाने श्वसनातच संपविला. हायड्रोजन काही दिवस येत राहिला. पण उपाशी शेवाळ किती राबणार? म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्या एन्झाइमच्या गाभ्याची नक्कल करीत, लोखंडाचे उत्प्रेरक प्रयोगशाळेत घडवीत आहेत.