पाण्यातले शिकारी (लेखांक ४) : आसऱ्याला आलेले भक्ष्य

गेल्या आठवड्यात आपण दवबिंदूची चिकट पानं पाहिली. त्याची शिकार संथ, बघत बसावी अशी. आजच्या वनस्पतीची शिकार मात्र डोळ्याला दिसतच नाही, इतकी ती झटकन उरकते. नाव युट्रिक्युलॅरिया. कासच्या पठारावर फुलणारी 'सीतेची आसवं' याच प्रजातीतली, पण तिचे सापळे ओल्या मातीत दडलेले असतात. आपल्याला आज जायचंय तळ्यात, तिच्या तरंगणाऱ्या भावंडांकडे.

वर दांड्यावर बहुधा पिवळी फुलं, खाली केसांसारख्या बारीक फांद्यांचा गुंता, आणि मूळ औषधालाही नाही. नत्र आणि फॉस्फरस मिळवायचा तो बराचसा शिकारीतून. त्यासाठी या गुंत्यात शेकडो फुगे लटकलेले असतात. बहुतेक एक ते चार मिलिमीटरचे.

भक्ष्य कोण? डॅफ्निया, सायक्लॉप्स आणि त्यांचे इवलेसे कवचधारी भाईबंद. यातला सायक्लॉप्स आपल्याकडच्या जुन्या पिढीला वेगळ्या कारणाने माहीत असायला हवा. नारूची अळी त्याच्यातूनच माणसाच्या पोटात जायची, म्हणून पाणी फडक्याने गाळून प्या असं गावोगाव सांगितलं जाई. हे जीव झुंडीने राहतात. मासा डोळ्यांनी एकेकाला हेरून टिपतो आणि गर्दीत त्याची नजर ठरत नाही. उथळ तळ्यांत तर दिवसाउजेडी माशांना चुकवायला या झुंडी पाणवनस्पतींच्या गुंत्यात शिरतात. माशापासून वाचवणारी ही गर्दीची युक्ती इथे कुचकामी ठरते, कारण हा शिकारी कुणाला हेरतच नाही; फुग्याच्या तोंडाशी धक्का लागला की भक्ष्य आत ओढतो. जितकी दाटी, तितके धक्के जास्त.

फुगा आधी आतलं पाणी बाहेर टाकतो. त्याच्या भिंती आत ओढल्या जातात, ड्रॉपरचं रबर दाबून धरावं तशा. तोंडावर आत उघडणारं, घट्ट बसलेलं दार आणि दारावर ताठ केस. त्याच्याभोवतीच्या फांदीदार मिशांवरून शेवाळ चरत येणारा जीव आपसूक दाराशी पोचतो. केसाला धक्का लागला की दार आत दुमडतं, भिंती सुटतात आणि पाण्याच्या लोटाबरोबर तो आत खेचला जातो. खेचण्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. त्या पाण्याचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६०० पट त्वरणाने वाढतो. दार लगेच मिटतं आणि अर्ध्या तासाच्या आत सापळा पुन्हा सज्ज होतो.

१८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या डार्विनला वाटत होतं, प्राणी डोक्याने दार ढकलून स्वतःच आत शिरतात. अमेरिकेत न्यू जर्सीला मेरी ट्रीट सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने हेच फुगे निरखत होत्या. प्राणी आत ओढला जातो, हे त्यांनी ओळखलं. हे श्रेय त्यांच्या नावावर ठळकपणे लिहायला हवं.

आत काय होतं? चेक शास्त्रज्ञ लुबोमिर आदामेक यांनी मोजून दाखवलं, की मिटलेल्या फुग्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. पाचकरस काम करतात, पण त्याआधीच बरेच जीव गुदमरून मरतात. मोठा डॅफ्निया मात्र आत मावत नाही. कधी त्याची नुसती स्पर्शिका दारात अडकून राहते.

पुढच्या आठवड्यात : पाण्याखाली पानं मिटून झडप घालणारी आल्ड्रोव्हॅन्डा.