उदयनगरची बस, इंदूरची राखी

25 फेब्रुवारी 1995. उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया बसल्या होत्या. इंदूरहून भोपाळ आणि तिथून केरळातल्या माहेरी, असा बेत होता. नाचनबोर टेकडीपाशी समंदरसिंह नावाच्या तरुणानं त्यांच्यावर चाकूनं वार केले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. बसमध्ये माणसं होती. कोणीही मध्ये पडलं नाही.

एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळीत 1954 साली जन्मलेली ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनी उत्तरेत आली आणि बिजनौर, सतना करत 1992 मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला पोहोचली. तिथं तिनं केलं ते काम दिसायला अगदी कोरडं होतं. आदिवासींचे बचत गट बांधायचे, त्यांना बँकेच्या दारापर्यंत न्यायचं, सरकारी योजना समजावून सांगायच्या. पण एखादं कुटुंब सावकाराच्या वहीतून सुटलं, की सावकाराचं एक गिऱ्हाईक कमी होतं. तिचा काटा काढायचं ठरलं ते यातून. समंदरसिंह हा चिथावलेला हात होता.

राणी मारियांची कथा सांगताना आपण खुनावरून थेट क्षमेवर उडी मारतो. मधली सात वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. जन्मठेप झालेला समंदरसिंह तुरुंगात पश्चात्तापानं नव्हे, सूडानं पेटलेला होता. आपल्याला पुढे करून स्वतः नामानिराळे राहिलेल्यांवरचा तो राग होता. स्वामी सदानंद या नावानं ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटत राहिले. मग ऑगस्ट 2002 मध्ये, राखीपौर्णिमेच्या दिवसांत, राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिनं त्याच्या मनगटावर राखी बांधली. बायबलमधल्या क्षमेला माळव्यातला सण मिळाला. मला तरी ही जुळणी कुठल्याही प्रवचनापेक्षा पटते.

राखी बांधून गोष्ट संपली असती तर ती फोटोपुरती उरली असती. पण त्याला क्षमा करणाऱ्या याच माणसांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि 2006 मध्ये तो बाहेर आला. पुढच्या वर्षी तो पुल्लुवळीला गेला. राणी मारियांच्या आई एलिस्वांनी त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. त्या हातांना आपल्या लेकीचं रक्त लागलेलं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. प्रीती इतकी अंगावर येणारी असू शकते, हे पचवणं ख्रिस्ती माणसालाही सोपं नाही.

4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात कार्डिनल अँजेलो अमातो यांनी राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं. चर्चच्या दप्तरात हा हौतात्म्याचा सन्मान आहे आणि तो योग्यच आहे. फक्त त्या सोहळ्याच्या वर्णनांत बचत गट, बँकेचं कर्ज आणि सावकाराची वही फार पुसट होतात. तिला मारलं गेलं ते या वहीपायी. समंदरसिंहला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.