ताणमुक्तीच्या कार्यशाळांचीही परीक्षा हवी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, म्हणजे १२ मे रोजी, जगभर परिचारिका दिन साजरा होतो. आपल्याकडील सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतही त्या दिवशी दीपप्रज्वलन होते, शपथ घेतली जाते, गुणवंत परिचारिकांचा सत्कार होतो. २०२० च्या कोविड साथीनंतर अशा कार्यक्रमांत आणखी एका गोष्टीची भर पडू लागली, ती म्हणजे ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा. बाहेरून आलेले तज्ज्ञ दोन तास बोलतात, दीर्घ श्वसन करवून घेतात, डोळे मिटून शांत बसायला सांगतात. शेवटी अभिप्रायाचा कागद वाटला जातो. ‘कार्यशाळा उपयुक्त वाटली का?’ या प्रश्नापुढे बहुतेक जणी ‘होय’वर खूण करतात आणि पाळी सुरू होण्याआधी वॉर्ड गाठतात. त्या कागदांच्या आधारे ‘उपक्रम यशस्वी’ असा अहवाल वर जातो.

प्रश्न असा आहे की, यातून परिचारिकांचा ताण कमी झाला हे सिद्ध झाले का? एखाद्या नव्या औषधाच्या बाबतीत ‘रुग्णांना गोळी आवडली’ एवढ्या पुराव्यावर कोणी परवानगी देणार नाही. मग हजारो परिचारिकांसाठी राबवायच्या, सार्वजनिक पैसा आणि त्यांचा मोलाचा वेळ खर्च करणाऱ्या उपक्रमाला वेगळा न्याय का? ताण व्यवस्थापनाच्या कार्यक्रमाची शास्त्रशुद्ध चाचणी कशी घेतात आणि आजवरच्या चाचण्यांनी काय सांगितले, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

आधी ताणाचे स्वरूप पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. त्याशिवाय रजा राखीव म्हणून ३० टक्के अधिक पदे असावीत. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. म्हणजे सर्व पदे भरलेली असली, तरी प्रत्यक्ष पाळीत एका परिचारिकेकडे अनुक्रमे नऊ आणि पंधरा रुग्ण येतात. पदे रिक्त राहिली किंवा खाटांपेक्षा रुग्ण अधिक झाले की हा आकडा आणखी फुगतो. ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील पाच हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागातील तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तेथील आरोग्यसेविकेला लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, सर्वेक्षण, नोंदवह्या आणि संगणकीय नोंदी असे सारे सांभाळावे लागते.

काम जास्त असणे हेच ताणाचे एकमेव कारण नसते. रॉबर्ट कॅरासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार कामाची मागणी मोठी आणि त्या कामावरील स्वतःचे नियंत्रण कमी, ही जोडगोळी माणसाला सर्वाधिक पिळून काढते. परिचारिकेचे काम नेमके याच चौकटीत बसते. उपचार डॉक्टर ठरवतात, पाळ्या अधिसेविका ठरवतात, औषधांचा साठा भांडार ठरवते. पण औषध का मिळाले नाही याचा जाब नातेवाईक विचारतात तो समोर उभ्या असलेल्या सिस्टरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचे यशस्वी व्यवस्थापन न झाल्यामुळे उद्भवणारी ती अवस्था आहे, असे तेथे नमूद आहे. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मनात दुरावा वा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे होत.

आता चाचणीकडे वळू. कार्यशाळेपूर्वी ताण मोजला, नंतर पुन्हा मोजला आणि तो घटला, एवढ्याने कार्यशाळेचा गुण आला असे म्हणता येत नाही. याची मुख्यतः तीन कारणे आहेत.

पहिले कारण काळाचे. माणूस मदत घ्यायला येतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर. शिगेला पोहोचलेली गोष्ट काही दिवसांनी आपोआपही खाली येते. टोकाची मोजमापे पुढच्या वेळी सरासरीकडे झुकतात, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्येच दाखवून दिले होते. पावसाळ्यात डेंगी-मलेरियाच्या रुग्णांनी वॉर्ड ओसंडत असताना घेतलेली कार्यशाळा हिवाळ्यात ‘यशस्वी’ ठरली, तर श्रेय कोणाचे? कार्यशाळेचे की ओसरलेल्या साथीचे?

दुसरे कारण निवडीचे. स्वेच्छेने कार्यशाळेला येणारी व्यक्ती आणि न येणारी व्यक्ती मुळातच वेगळ्या असू शकतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगाने हे लख्ख दाखवले. तो परिचारिकांपुरता नव्हता, विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य कार्यक्रमाचा होता. सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांपैकी कोणाला कार्यक्रमात प्रवेश द्यायचा हे संशोधकांनी नशिबावर सोपवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रवेश मिळालेला गट आणि न मिळालेला गट यांच्या वैद्यकीय खर्चात किंवा कामावरील गैरहजेरीत उल्लेखनीय फरक पडला नाही. मात्र त्याच माहितीतून ‘भाग घेणारे’ आणि ‘भाग न घेणारे’ अशी नेहमीच्या पद्धतीने तुलना केली, तेव्हा कार्यक्रम अतिशय गुणकारी भासला. याचे कारण साधे होते. भाग घेणारे आधीपासूनच आरोग्याची अधिक काळजी घेणारे होते.

तिसरे कारण संकोचाचे. ज्या वरिष्ठांनी कार्यशाळा भरवली त्यांच्याच हाती अभिप्रायाचा कागद द्यायचा असेल, तर ‘काही उपयोग झाला नाही’ असे लिहिण्याचे धाडस किती जणी करतील? कंत्राटी परिचारिकेच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. शिवाय कोणीतरी आपली विचारपूस केली, या जाणिवेनेही काही काळ बरे वाटतेच.

या तिन्ही अडचणींवर उपाय एकच, तो म्हणजे तुलनेचा गट. चिठ्ठ्या टाकून काही परिचारिकांना आधी प्रशिक्षण द्यायचे आणि उरलेल्यांना प्रतीक्षा यादीत ठेवून काही महिन्यांनी तेच प्रशिक्षण द्यायचे. यामुळे कोणी वंचित राहत नाही आणि मधल्या काळात दोन्ही गटांची तुलना करता येते. साथ ओसरली तर ती दोघांसाठीही ओसरते. उत्साही आणि निरुत्साही दोन्ही गटांत विखुरले जातात. विचारपूस झाल्याने वाटणारे बरे मात्र प्रतीक्षा यादीने वजा होत नाही. त्यासाठी दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ एखादा वेगळा, ताणाशी संबंध नसलेला कार्यक्रम द्यावा लागतो. आणि संकोच टाळायचा, तर नाव नसलेल्या प्रश्नावल्या रुग्णालयाबाहेरच्या संस्थेने गोळा करायला हव्यात.

रुग्णालयात आणखी एक पेच असतो. एकाच वॉर्डातील एकीला प्रशिक्षण दिले आणि दुसरीला नाही, तर चहाच्या वेळी पहिली दुसरीला सारे सांगून टाकते. तसे तिने करावेही. पण चाचणी त्यामुळे बिघडते. म्हणून व्यक्तींऐवजी संपूर्ण वॉर्ड किंवा संपूर्ण आरोग्य केंद्र यांच्या नावाने चिठ्ठ्या टाकणे श्रेयस्कर ठरते. मात्र मग दोन-चार वॉर्डांवर भागत नाही. एका वॉर्डाची परिसेविका समंजस आणि दुसऱ्याची कडक असेल, तर एवढ्या एका गोष्टीनेही निकाल फिरू शकतो. त्यासाठी पुष्कळ वॉर्ड लागतात.

मोजायचे कशाने, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. परिचारिकांच्या ताणासाठी पामेला ग्रे-टॉफ्ट आणि जेम्स अँडरसन यांनी १९८१ मध्ये ३४ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. मृत्यू जवळून पाहणे, डॉक्टरांशी संघर्ष, भावनिक तयारीचा अभाव, आधाराचा अभाव, सहकारी परिचारिकांशी संघर्ष, कामाचा बोजा आणि उपचारांबाबतची अनिश्चितता असे तिचे सात भाग आहेत. त्याच वर्षी ख्रिस्तिना मास्लॅक आणि सुसान जॅक्सन यांची बर्नआउट मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. ही साधने मराठीत आणताना शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. ‘भावनिकदृष्ट्या रिक्त झाल्यासारखे वाटते का?’ या प्रश्नावर आपल्याकडील परिचारिका गोंधळेल. ‘काम संपेपर्यंत जीव अगदी मेटाकुटीला येतो का?’ असे विचारले तर लगेच उत्तर देईल. म्हणून आधी अनुवाद, मग दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत उलट अनुवाद, मग मोजक्या परिचारिकांवर पडताळणी, असा क्रम पाळावा लागतो.

प्रश्नावलीच्या जोडीला आजारपणाच्या रजा, बदलीचे अर्ज, राजीनामे, सुई टोचण्याच्या घटना अशा नोंदीही पाहायला हव्यात. अर्थात त्या वाचतानाही तारतम्य हवे. एखाद्या वॉर्डात मोकळे वातावरण निर्माण झाले तर पूर्वी लपवल्या जाणाऱ्या चुकांची नोंद होऊ लागते आणि कागदावर चुका वाढलेल्या दिसतात. शिवाय मोजमाप कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी घेऊन थांबू नये. सहा महिन्यांनी आणि वर्षाने काय उरले, हे खरे पाहायचे.

अशा एका चाचणीचा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील व्हर्जिनियामधील पाच आणि न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयातील १०४ परिचारिकांची चिठ्ठ्या टाकण्याच्या तत्त्वावर दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला परिचारिकांसाठी खास तयार केलेला, इंटरनेटवरून शिकण्याचा ताण व्यवस्थापन कार्यक्रम मिळाला, दुसऱ्याला नाही. वर उल्लेखिलेल्या ३४ प्रश्नांच्या मोजपट्टीवर पहिल्या गटाचा ताण दुसऱ्यापेक्षा अधिक घटला; सातपैकी सहा भागांत ही घट दिसली. परंतु कामातील समाधान, कामावरील मर्यादा, ताणाला तोंड देण्याच्या पद्धती, मद्यपान अशा इतर बाबींत उल्लेखनीय फरक आढळला नाही. अभिप्रायाच्या कागदावर हा कार्यक्रम ‘उत्तम’ किंवा ‘निरुपयोगी’ ठरला असता. चाचणीमुळे नेमके उत्तर मिळाले. कामाचा जाच थोडा कमी जाणवू लागला, पण कामाशी असलेले नाते बदलले नाही.

एकाच चाचणीवर विसंबू नये, म्हणून अनेक चाचण्या एकत्र तपासणारी कॉक्रेन ही संस्था काय सांगते तेही पाहू. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक पातळीवरील ताणनिवारणाचा तिचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११७ अभ्यास आणि ११ हजारांहून अधिक सहभागी होते. विचारांची दिशा बदलण्याचे प्रशिक्षण, शिथिलीकरण, ध्यान, व्यायाम अशा उपायांनी ताण कमी होऊ शकतो आणि हा परिणाम वर्षभरापर्यंत टिकू शकतो, असे त्याचे सार आहे. त्यापुढील काळाबद्दलचा पुरावा अतिशय तोकडा आहे. तेव्हा कार्यशाळा म्हणजे निव्वळ फार्स, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नीट आखलेले, काही आठवडे चालणारे प्रशिक्षण उपयोगी पडते. मात्र दोन तासांच्या व्याख्यानाने हे श्रेय परस्पर घेऊ नये.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. हा निरीक्षणावर आधारित अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही परिचारिकेचा ताण हा तिचा खासगी प्रश्न नसून खाटेवरील रुग्णाच्या जिवाशी जोडलेला आहे, याचा तो मोठा इशारा आहे.

चाचणीचा आग्रह धरायचा तो याचसाठी. न तपासलेला कार्यक्रम एक सोय होऊन बसतो. रिक्त पदे भरायला वेळ लागतो, खर्च येतो. कार्यशाळा एका दुपारी उरकते. मग सलग रात्रपाळ्या करून थकलेल्या परिचारिकेला ‘तुम्ही श्वसनाचा सराव करत नाही’ असे सांगणे सोपे जाते आणि व्यवस्थेचा दोष तिच्या माथी येतो. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याने किंवा महापालिकेने अशी चाचणी हाती घ्यायची ठरवली, तर दोनाऐवजी तीन गट करावेत. पहिल्या गटातील वॉर्डांना केवळ प्रशिक्षण द्यावे. दुसऱ्याला प्रशिक्षणासोबत एखादा ठोस बदल द्यावा. उदाहरणार्थ, पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर करणे, रात्रपाळीनंतरची सुट्टी न मोडणे किंवा नोंदवह्यांच्या कामासाठी स्वतंत्र कारकून नेमणे. तिसरा गट प्रतीक्षेत ठेवावा. वर्षाअखेरीस आकडे जाहीर करावेत, ते अडचणीचे असले तरीही.

नाइटिंगेल यांची दिवा घेतलेली प्रतिमा आपल्याला परिचित आहे. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक संख्येने मरण पावले, हे त्यांनी आकडे आणि आकृत्या मांडून राज्यकर्त्यांना पटवले, याची आठवण मात्र कमी काढली जाते. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना आपल्या पहिल्या महिला सदस्य म्हणून निवडले, ते या कामासाठी. त्यांच्या जन्मदिनी होणाऱ्या कार्यशाळेचा हिशेबही त्यांच्याच पद्धतीने मांडला गेला, तर परिचारिकांना त्या सत्कारापेक्षा अधिक काही मिळेल.