जड आणि हलके

माडावरून नारळ सुटला की धप्पकन जमिनीवर येतो आणि पिंपळाचे पान गिरक्या घेत, रमतगमत उतरते. हे रोज पाहणाऱ्या माणसाला जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते असे वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा? तर्कशास्त्राच्या तासाला ज्याचे नाव पदोपदी निघते, तो ॲरिस्टॉटलही ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात हेच सांगून गेला. त्याच्या मते वजन जितके पट अधिक, पडण्याचा वेगही तितके पट अधिक.

त्याला कोणी हटकलेच नाही असे मात्र नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने लिहून ठेवले की, वजनात पुष्कळ अंतर असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तरी त्यांच्या पडण्याच्या वेळेत नाममात्र फरक पडतो. हॉलंडमध्ये सायमन स्टेव्हिनने शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फुटांवरून फळीवर टाकले. दोघांचा आवाज एकदमच झाला. ही हकीकत त्याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केली. पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ती त्याचा शिष्य विव्हियानी याने सांगितलेली आहे आणि इतिहासकारांना तिच्याविषयी शंका आहे. पण गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात जो युक्तिवाद केला आहे तो मनोऱ्यावाचूनही पुरेसा आहे. त्यात गणिताचे अक्षर नाही, म्हणून आपल्यासारख्या कलाशाखेच्या मंडळींनी तो मुद्दाम पाहावा.

समजा, जड दगड वेगाने पडतो आणि हलका सावकाश. आता दोघांना दोरीने एकत्र बांधा. हलका दगड मागे रेंगाळणार, म्हणून तो जड दगडाला मागे खेचील. म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडली पाहिजे. परंतु दोन्ही मिळून वजन तर वाढले! म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा वेगाने पडली पाहिजे. एकाच गृहीतकातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघत असतील तर गृहीतकच खोटे. वेग सारखाच असला पाहिजे.

असे का होते, याचा उलगडा न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाने झाला. वस्तूतील द्रव्याचे, म्हणजे वस्तुमानाचे, दोन परिणाम असतात. पहिला उघड आहे : वस्तुमान जितके जास्त तितकी पृथ्वीची ओढ जास्त. ह्या ओढीलाच आपण वजन म्हणतो. दुसरा परिणाम पाहायचा असेल तर बाजारातल्या हातगाडीवाल्याकडे पाहावे. पोत्यांनी भरलेली गाडी हलवताना तो पाय रोवून सगळे अंग लावतो आणि एकदा ती चालू लागली की थांबवतानाही त्याची तितकीच दमछाक होते. आहे त्या स्थितीतच राहण्याचा हा जो हट्ट, त्याला जडत्व म्हणतात. दहा किलोच्या दगडाला पृथ्वी एक किलोच्या दगडाच्या दहापट जोराने ओढते खरी, पण तो दगड हलायलाही दहापट अवघड असतो. ही दहापट त्या दहापटीने कापली जाते आणि दोन्ही दगडांचा वेग दर सेकंदाला सेकंदी ९.८ मीटरने वाढतो.

२ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. हातोडी १.३२ किलोची, पीस जेमतेम ३० ग्रॅमचे. तेथे हवा नाही. दोन्ही बरोबरच धुळीत टेकली.

मग आपल्या पिंपळपानाचे काय? त्याला हवा अडवते. वस्तू जसा वेग घेते तसा हवेचा विरोध वाढतो आणि ओढीइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. पानाची ओढ मुळात थोडी आणि पसारा मोठा, म्हणून त्याचा वेग लगेच थांबतो. आपल्या पावसाळ्यावर ह्याचे केवढे उपकार आहेत! ढगातला सूक्ष्म जलकण सेकंदाला सेंटिमीटरभर उतरतो, म्हणून ढग तरंगताना दिसतो. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर. हवा नसती तर दोन किलोमीटरवरून निघालेला तोच थेंब ताशी सातशे किलोमीटरच्या वेगाने आपल्यावर आदळला असता. छत्र्यांचा धंदा बसलाच असता म्हणायचा!

आणखी एका ठिकाणी वजनाचा हिशेब असा कापला जात नाही, आणि तेथे गाठ थेट प्राणाशी असते. ते ठिकाण म्हणजे घाटाचा उतार. ब्रेक न लावता उतारावर सोडले तर रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक जवळजवळ सारखाच वेग घेतील. पण ट्रक सोडायचा नसतो, आवरायचा असतो. बोरघाट उतरताना वाहन सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. पंचवीस टनांच्या ट्रकाची एवढ्या उतरणीतली सगळी ऊर्जा उष्णतेत बदलली, तर सव्वाचारशे लिटरहून अधिक पाणी उकळेल. रिकामा ट्रक दहा टनांचा धरला तर उष्णताही त्याच प्रमाणात कमी. ब्रेकचे ड्रम मात्र दोघांचे तेच! ते तापले की पसरतात, लायनिंगची पकड कमी होते, आणि ड्रायव्हर पेडल कितीही दाबो, गाडी ऐकत नाही. डिझेल वाचवायला म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यावर हा प्रसंग लवकर येतो, कारण मग सगळा भार ब्रेकवरच पडतो.

जुने ड्रायव्हर म्हणतात, ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा. हा सल्ला भौतिकशास्त्राला धरूनच आहे. खालच्या गियरमध्ये चाकांना इंजिन फिरवावे लागते, त्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते आणि ती उष्णता ड्रमकडे न जाता रेडिएटर व धुराड्यातून बाहेर जाते. ब्रेक गार राहतात आणि पुढचे वळण येते तेव्हा ते कामाला येतात.