६ डिफेन्समनची टीम, पण शिकागोनं ४ जणांच्या जिवावर स्टॅनले कप मारला

मे २०१५. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग. तिच्या प्लेऑफमध्ये शिकागो ब्लॅकहॉक्स विरुद्ध अ‍ॅनाहाइम डक्स अशी मॅच सुरू होती. ६० मिनिटांत निकाल लागला नाही. प्लेऑफमध्ये पेनल्टी शूटआउट नसतं, गोल होईपर्यंत २०-२० मिनिटांचे ओव्हरटाइम चालूच राहतात. शिकागोला विजयी गोल मिळाला तो थेट तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये, ११७ व्या मिनिटाला. यातली जवळपास ५० मिनिटं त्यांचा डंकन कीथ बर्फावर होता.

आता एवढं काय त्यात?

तर एका वेळी बर्फावर २ डिफेन्समन असतात. नेहमीच्या मॅचमध्ये डिफेन्सची मिळून १२० मिनिटं झाली. टीम साधारण ६ डिफेन्समन उतरवते, त्यांच्या ३ जोड्या. सारखी वाटणी केली तर प्रत्येकाला २० मिनिटं. पाऊण-एक मिनिट जीव तोडून स्केटिंग करायचं आणि बाकावर येऊन दम घ्यायचा, असा हा खेळ आहे.

पण शिकागोचा मिखाल रोझिवाल आधीच्या मालिकेत घोटा मोडून बाहेर गेला आणि तिसरी जोडी खिळखिळी झाली. कोच जोएल क्वेनव्हिल यांचा भरवसा उरला चौघांवर. कीथ, ब्रेंट सीब्रूक, निकलस यालमारसन आणि जॉनी ओदुया. टेस्टमध्ये पाचव्या बॉलरवर विश्वास नसला की कॅप्टन उरलेल्या चौघांना कसा रगडतो, अगदी तसंच.

जोड्या लावतानाही डोकं लागतं. शक्यतो एक डावखुरा, एक उजवा ठेवतात, म्हणजे कडेनं आलेला पक सरळ हातानं अडवता येतो. या चौघांत उजवा एकटा सीब्रूक. पण यालमारसन डावखुरा असूनही उजवी बाजू सांभाळायचा, म्हणून गणित जमलं.

तिसऱ्या जोडीला लपवायचं कसं, हा दुसरा प्रश्न. खेळ थांबला की शेवटचा बदल करायचा हक्क यजमान टीमला असतो. समोर कोण उतरलंय ते बघून घरच्या मैदानावर कोच कच्च्या जोडीला सोप्या लाइनसमोर पाठवतो. परक्या मैदानावर मात्र समोरचा कोच बरोबर त्याच जोडीला गाठतो.

अ‍ॅनाहाइमनं हे ओळखलं होतं. त्या चौघांना धडका देऊन देऊन दमवायचं, मालिका लांबली की ते कोसळतील, असा त्यांचा डाव. तो जवळपास फळलाही, अ‍ॅनाहाइम ३-२ नं पुढे होतं. पण शेवटच्या दोन्ही मॅच शिकागोनं मारल्या.

फायनलमध्ये समोर टॅम्पा बे. त्यांचे कोच जॉन कूपर तर उलट वळणाचे, एक फॉरवर्ड कमी करून ७ डिफेन्समन उतरवण्यासाठी ओळखले जाणारे. शिकागोनं ४-२ नं बाजी मारली. सहाव्या मॅचचा पहिला गोल कुणाचा? कीथचाच. २३ मॅचमध्ये ७०० हून जास्त मिनिटं खेळून प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

त्या तिसऱ्या जोडीसाठी आणलेल्यांपैकी एक होता ४० वर्षांचा किमो टिमोनेन. त्याला फायनलमध्ये मोजकीच मिनिटं मिळाली आणि त्यानंतर तो निवृत्त झाला. कॅप्टन जोनाथन टेव्सनं कप उचलल्यावर सगळ्यात आधी त्याच्याच हातात दिला.