सहा गोळ्यांचा हिशेब

२४ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र गेले, आणि त्या दिवशी आमच्या घरातला टीव्ही रात्रीपर्यंत चालू होता. एका वाहिनीवर तो जुना किस्सा निघाला. 'शोले'च्या शेवटच्या चकमकीचं चित्रण चाललं होतं. धर्मेंद्रना जमिनीवरची काडतुसं उचलून घ्यायची होती आणि ती हातातून सारखी निसटत होती. ते वैतागले, त्या वैतागात बंदूक भरली आणि चालवली. काडतूस खरं निघालं. वर टेकडीवर अमिताभ बच्चन उभे होते, गोळी त्यांच्या कानाजवळून सूं करत गेली. हे खुद्द अमिताभनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. वाहिनीवरची निवेदिका ते हसत हसत सांगत होती आणि समोर बसलेले पाहुणेही हसले. मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पन्नास वर्षांत या सिनेमाच्या संवादांवर, गाण्यांवर, नाण्यावर, टांगेवालीवर लिहून झालं. पण ते खरं काडतूस सेटवर आलं कुठून, ते ब्लँकच्या पेटीत कसं मिसळलं, बंदुका कुणाच्या ताब्यात होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला झोप लागली का, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. माझं बालपण त्या बंदुकांच्या आवाजाच्या आसपास गेलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही बेंगळुरूच्या चामराजपेटेतले मराठी. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि सिनेमा पाहायचा तर कँटोन्मेंटमध्ये जायचं. १९७१-७२ च्या सुमारास धाकटा मामा मला पहिल्यांदा एमजी रोडवरच्या 'प्लाझा'त घेऊन गेला. क्लिंट ईस्टवूड तिथेच भेटला. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं आणि अडतही नव्हतं. त्या माणसाचं सगळं बोलणं उजव्या हातात होतं. हात कमरेपर्यंत जायचा, थांबायचा, आणि थिएटरातली माणसं श्वास रोखायची.

त्या बंदुकांची गोष्ट मला फार पुढे कळली. सर्जिओ लिओनीचे सिनेमे अमेरिकेच्या नावाने चालले, पण त्यातलं वाळवंट स्पेनमधल्या अल्मेरियाजवळचं, तबर्नासचं. रिव्हॉल्व्हरं पुष्कळशी इटलीतली. ब्रेशा प्रांतातल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदूक घडवणाऱ्यांच्या गावात आल्दो उबेर्तीने १९५९ मध्ये जुन्या कोल्टच्या नकला करायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती, हौशी लोकांना तशी हत्यारं हवी होती. त्याच खोऱ्यातला माल मग सिनेमात आला. नकला, पण पोलादाच्या. नळी खरी, घोडा खरा, आणि भरलेल्या रिव्हॉल्व्हरचं वजन किलोच्या वर. पडद्यावर नटाचं मनगट किंचित खाली झुकायचं ते त्या वजनानेच.

आपल्याकडे या वेस्टर्न सिनेमांचं लोण आलं तेव्हा शिष्ट लोकांनी नाकं मुरडली. १९७१ मध्ये तेलुगूत कृष्णाचा 'मोसगाळ्ळकु मोसगाडु' आला, १९७४ मध्ये हिंदीत 'खोटे सिक्के'. त्यातला फिरोज खान तर आमच्या बेंगळुरूचाच. इथे जन्मला, इथे शिकला. २००९ मध्ये आजारी होऊन इथेच परतला आणि होसूर रस्त्यावरच्या कबरस्तानात आता विसावला आहे. आमच्या वर्गातली इंग्रजी वाचणारी मुलं त्याला ईस्टवूडची नक्कल म्हणून हिणवायची. मला ते तेव्हा खुपलं आणि आजही खुपतं. घोड्यावर असं बसायला आणि कमरेचं ओझं असं सांभाळायला रियाज लागतो. नुसत्या नकलेला तो डौल येत नाही.

१९७३ ची खंडेनवमी मला तपशिलासकट आठवते. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे आणि त्याच गांधीनगरात कन्नड सिनेमावाल्यांची कार्यालयं. मंडळातल्या नाटकाला एक बंदूक हवी होती, म्हणून बाबा मला घेऊन मागच्या गल्लीतल्या एका गोदामात गेले. कन्नड सिनेमांना सामान पुरवणारी जागा होती ती. आत शिरताच तेलाचा आणि झेंडूचा वास आला. ओळीने मांडलेल्या रायफली, दुनळ्या, तलवारी, दोन टेलिफोन, एक खोटं वाघाचं कातडं, सगळ्याला हळदकुंकू लावलेलं. बऱ्याच रायफली सागवानी लाकडाच्या होत्या आणि नळीला काळा रंग. मी दस्ता हातात धरून पाहिला. घामाने आणि हाताळून हाताळून त्याचा रंग उडाला होता, तिथे लाकूड मऊ लागत होतं.

तिथल्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी बाबांना दोन पेट्या दाखवल्या, एक हिरवी, एक लाल. हिरवीत डमी आणि रिकामं सामान. लाल पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली. तिच्यात ब्लँक. त्यांनी एक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पितळेचं लहानसं नळकांडं, टोकाला शिसं नाही. तोंड आत दुमडून कळीसारखं मिटवलेलं. आत दारू भरलेली असते, ती पेटली की कळी उमलते आणि ज्वाळा, धूर, आवाज सगळं मिळतं. गोळी नसली तरी नळीच्या तोंडाशी हात धरला तर हात जातो, म्हणून माणसावर कधी सरळ नेम धरायचा नाही, जरा बाजूला धरायचा, बाकीचं कॅमेरा बघून घेतो. हे सगळं ते कन्नडमध्ये, पूजा सांगावी तशा सुरात सांगत होते. मग त्यांनी ते काडतूस परत घेतलं, लाल पेटीतली सगळी एकदा मोजली आणि कुलूप लावलं. कोहळा त्यानंतर फोडला.

त्याच आठवड्यात, त्याच नवरात्रात, मैसूर रस्त्यावर पन्नासएक किलोमीटरवर रामनगरला रमेश सिप्पींनी 'शोले'चं चित्रण सुरू केलं. ग्रॅनाइटच्या त्या टेकड्यांखाली राम येडेकरांनी अख्खं गाव उभारलं होतं. मुंबईहून आलेलं ते बिऱ्हाड मग बराच काळ येत-जात राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मामाने मोटारसायकलवरून मला तिकडे नेलं. दोरीपलीकडे उभं केलेल्या गर्दीत आम्हीही होतो. नट दिसले नाहीत, दिसले असतील तर ओळखू आले नाहीत. ऐकू मात्र आलं. एक बार झाला आणि त्या खडकांनी तो एकमेकांकडे फेकला. समोरून आला, डावीकडून आला, मग बऱ्याच वेळाने पाठीमागून, अगदी बारीक होऊन. पायाखालच्या दगडातून तो माझ्या टाचेला कळला.

जेवणाच्या सुट्टीत एका पोऱ्याने मला वाजलेलं एक ब्लँक दिलं. कळी उमललेली होती, पाकळ्या काळ्या पडलेल्या. पुढचं वर्षभर ते माझ्या कंपासपेटीत होतं. मग शाळेत सापडलं, जप्त झालं, वडिलांना बोलावणं गेलं आणि ते मला कधीच परत मिळालं नाही. त्या पितळेच्या तुकड्याने कुणाचं काय बिघडलं असतं, हे मला साठी उलटली तरी कळलेलं नाही.

१५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा लागला आणि समीक्षकांनी त्याला झोडपलं. 'इंडिया टुडे'त त्याला विझलेला निखारा म्हटलं गेलं, 'फिल्मफेअर'मध्ये पाश्चात्त्य वेस्टर्नची नक्कल. लिओनीकडून घेतलेलं आहे, हे खरंच. ठाकूरच्या घरातलं हत्याकांड 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची आठवण करून देतंच. पण त्या पाच मिनिटांसाठी तेवीस दिवस चित्रण झालं. झोक्याची ती कुरकुर, नळी मुलाकडे वळते आणि गोळी लागलेली मात्र दिसत नाही, हे संकलक एम. एस. शिंदे यांचं काम. अख्ख्या सिनेमाला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर त्यांना मिळालं, आणि २०१२ मध्ये ते गेले तेव्हा धारावीत राहत होते.

आणि ते रिव्हॉल्व्हर. डाकू गब्बरसमोर तीन माणसं उभी, त्यातला कालिया म्हणजे आपले विजू खोटे. चक्रात सहा गोळ्या. तीन हवेत झाडल्या, चक्र गरगर फिरवलं, आता कुठे काय आहे ते कुणालाच माहीत नाही. मग एकेकावर चाप ओढला, तीनही वेळा नुसता खट्ट आवाज. सगळे हसले, आणि मग लागोपाठ तीन बार. शाळेत असताना आम्ही वहीत वर्तुळ काढून हे तपासलं होतं. झाडलेली तीन घरं शेजारीशेजारी, भरलेली तीनही शेजारीशेजारी. चक्र सहा ठिकाणी थांबू शकतं, आणि सहापैकी एकाच ठिकाणी थांबलं तर हे अगदी असंच घडतं. पटकथाकार सलीम-जावेदनी गोळ्या मोजल्या होत्या. अमिताभच्या जयच्या मरणातही तेच आहे. गोळ्या संपत आल्यात म्हणून धर्मेंद्रच्या वीरूला पाठवून दिलं, पूल उडवला तो शेवटच्या गोळीने. काडतूस संपतं म्हणून माणूस मरतो, या साध्या सत्यावर तो शेवट उभा आहे.

त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्याला सूड घ्यायचा आहे त्या ठाकूरला हातच नाहीत, बंदूक धरताच येत नाही. सचिनच्या अहमदला मारायचं ठरतं तेव्हा गब्बर एक मुंगी चिरडतो, बंदूक वाजतच नाही. आणि ठाकूर गब्बरला खिळे मारलेल्या बुटांनी संपवतो. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. माजी पोलिस अधिकारी कायदा हातात घेतो, म्हणजे तिथे हात नव्हतेच, पायात घेतो, हे सेन्सॉरला चाललं नाही. ऐन वेळी पोलिस आणून गब्बरला त्यांच्या ताब्यात द्यायला लावलं. पन्नास वर्षं आम्ही तो मिळमिळीत शेवट पाहत आलो.

पुढची पंचवीस वर्षं मी भराभर उलटतो. स्टेनगन आल्या, स्मगलर आले, गोळ्या मोजणं थांबलं. मला त्यात रस वाटला नाही. ३० जुलै २००० ची रात्र मात्र ओलांडता येत नाही. वीरप्पनने गाजनूरहून डॉ. राजकुमारांना पळवून नेलं, १०८ दिवस ठेवलं. जंगलातला खरा दरोडेखोर, खरी बंदूक, आणि आमच्या शहराचा लाडका नट तिच्यासमोर. बसगाड्या बंद, दुकानं बंद, थिएटरं बंद. त्यानंतर पडद्यावरचा डाकू पाहताना माझं पहिल्यासारखं मन लागलं नाही.

आज याच गांधीनगरातून निघालेले सिनेमे देशभर चालतात, याचा मला अभिमान आहे. पण 'केजीएफ २' मध्ये नायक पोलिस ठाण्यासमोर मशिनगन चालवतो, गाड्यांची चाळण करतो आणि लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो, तेव्हा गोळ्या किती हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. ज्वाळा बऱ्याचदा संगणकावर चिकटवतात. झटका बसत नाही, म्हणून नटाचा खांदा हलत नाही, म्हणून मीही हलत नाही.

कुणी म्हणेल, हेच बरं. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या वेस्टर्नच्या सेटवर सरावात रिव्हॉल्व्हर सुटलं आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स गेली. ब्रेशा प्रांतातल्याच पिएत्ता कारखान्याची नक्कल होती ती, आणि आत खरं काडतूस. हत्यारं सांभाळणारी बाई पुढे दोषी ठरली. ते वाचलं त्या रात्री मला लाल पेटी आणि जानव्याची किल्ली आठवली. संगणकावरच्या ज्वाळेने एकही जीव वाचत असेल तर ती ज्वाळा खुशाल असावी. माझं दुखणं वेगळं आहे. त्या म्हाताऱ्याने पेटी मोजली म्हणून गांधीनगरात कुणाचा खांदा फुटला नाही. ते काम चोख झालं म्हणूनच ते कुणाला दिसलं नाही, आणि कोणत्याच श्रेयनामावलीत त्याचं नाव आलं नाही. ज्या दिवशी मोजणी चुकली त्या दिवसाचा किस्सा झाला, आणि तो हसत सांगतात.

'प्लाझा' पडलं, तिथे मेट्रोचं स्टेशन आलं. ब्रिगेड रोडवरचं 'रेक्स' २०१८ च्या अखेरीस बंद झालं. रामनगरला आता द्रुतगती मार्गावरून तासाभरात पोचता येतं. २०२५ च्या मे महिन्यात जिल्ह्याचं नावही बदलून बेंगळुरू दक्षिण केलं. गब्बरच्या त्या टेकड्यांवर गिधाडांचं अभयारण्य आहे, २०१२ पासून. लांब चोचीची गिधाडं कड्यावर घरटी करतात, म्हणून तिथे आता मोठा आवाज करायला बंदी आहे. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

१२ डिसेंबर २०२५ ला 'शोले' पुन्हा लागला, मूळ शेवटासह. मी नातवाला घेऊन मल्टिप्लेक्समध्ये गेलो. गब्बरचा काडतुसांचा पट्टा खडकावरून घासत आला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. चक्र फिरलं तेव्हा मी त्याच्या कानात म्हटलं, मोज. त्याने बोटं उघडली. तीनदा चाप ओढला गेला, तीन बोटं मिटली. मग तीन बार झाले. शेवटी ठाकूरचे बूट गब्बरच्या हातांवर आले तेव्हा हॉलमध्ये कुणी शिट्टी मारली नाही.

बाहेर येताना त्याने विचारलं, "आजोबा, ती खरी होती का?"

मी त्याला कळीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता तळहात उघडला. तो वाकून त्यात बघायला लागला.