नावाची झीज आणि नावाची अडवणूक

प्राचीन रोमन प्रणयकवी पब्लियस ऑव्हिडियस नासो इंग्रजीत नुसता ‘ऑव्हिड’ म्हणून ओळखला जातो. इ. स. पूर्व ४३ मध्ये जन्मलेल्या या कवीने आपल्या काव्यात मात्र स्वतःला ‘नासो’ म्हटले आहे. ‘ऑव्हिडियस’ या नावातील लागोपाठ तीन लघु अक्षरे त्याच्या वृत्तात बसत नाहीत, हे त्याचे कारण. आपल्या संतकवींच्या नाममुद्रेसारखीच ही त्याची मुद्रा. इंग्रजांनी नेमकी तीच टाकली आणि कुलनामाचे शेपूट छाटून ‘ऑव्हिड’ पत्करले!

ही काटछाट सर्वांच्या वाट्याला आलेली नाही. व्हर्गिलियसचा व्हर्जिल आणि होरेशियसचा होरेस झाला. कॅटुलस आणि प्रॉपर्शियस हे प्रणयकवी मात्र अखंड राहिले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे नाण्याची आठवण होते. हातोहात फिरणारे नाणे झिजते, पुरून ठेवलेले कोरे राहते. मध्ययुगीन युरोपच्या पाठशाळांतून ऑव्हिड सतत वाचला गेला. कॅटुलसचे काव्य शतकानुशतके जवळजवळ विस्मृतीत होते. तेव्हा नाव झिजणे ही अवहेलना नव्हे, ती वापराची खूण होय. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातील प्रणयगाथांचा ‘गाथासप्तशती’ हा संग्रह ज्या राजाच्या नावावर आहे, त्याचे ‘हाल’ हे नावही ‘सातवाहन’ याच शब्दाचे झिजलेले रूप असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

परंतु झीज वेगळी आणि सक्ती वेगळी. वसईचे इंग्रजांनी ‘बॅसीन’ केले. ३१ डिसेंबर १८०२ च्या तहालाही इंग्रजी इतिहासग्रंथांत तेच नाव आहे. इंग्रजाने आपल्या घरी बॅसीन म्हणावे, त्याला हरकत नसावी. पण वसईच्याच रेल्वेस्थानकाला ‘बॅसीन रोड’ हे नाव मिळाले, तेव्हा वसईकराला स्वतःच्या गावासाठी परक्याचा उच्चार स्वीकारावा लागला.

पुढे पाट्या बदलल्या, रीत मात्र उरली. तारापूरजवळच्या घिवलीचेच पाहा. रोमन लिपीत ‘व्ही’ घालावा की ‘डब्ल्यू’, त्यानंतरचा ‘ए’ ठेवावा की गाळावा, शेवटी ‘आय’ लिहावा की दोन ‘ई’, एवढ्यावरच एका लहानशा नावाची आठ रूपे सिद्ध होतात. आपल्या किनाऱ्यावरील ‘तामोरे’ हे आडनाव रोमनमधून परत मराठीत आणताना ‘टामोरे’ होऊ शकते. कारण त्या लिपीत ‘त’ आणि ‘ट’ यांना एकच अक्षर.

घिवलीचा एक विद्यार्थी मध्यंतरी माझ्याकडे आला होता. शाळेचा दाखला, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक या तिन्हींवर त्याचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले. शिष्यवृत्ती अडली. प्रतिज्ञापत्र, नोटरी, बोईसरच्या फेऱ्या यांत वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. वस्तुतः तिन्ही ठिकाणची अक्षरे दुसऱ्यांनीच लिहिली होती.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा ठरली. मग देवनागरीतील नाव हेच मूळ का मानू नये? ते जुळत असेल, तर रोमन अक्षरांतील फरकासाठी नागरिकाकडे प्रतिज्ञापत्र मागू नये. आणि दुरुस्ती करावीच लागली, तर तिचा खर्च लिहिणाऱ्या कार्यालयाने सोसावा. यात तोतयांचे फावेल, अशी शंका घेतली जाईल. परंतु ओळख पटविण्यास क्रमांक, छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा असताना एका ‘ए’वाचून कोणी तोतया ठरू नये. चूक टाळणे ज्याच्या हाती आहे त्याच्यावरच तिचा खर्च टाकला, तरच ती टळते, हा अर्थशास्त्राचा साधा न्याय आहे. आज तो खर्च ज्याच्या हाती काहीच नाही, त्याच्याकडून वसूल होतो.

इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने ऑव्हिडला काळ्या समुद्राकाठी हद्दपार केले आणि तेथेच तो वारला. पुढे त्याच्या नावाची अक्षरे गळाली, त्याची झळ त्याला लागली नाही. घिवलीच्या मुलाचे तसे नाही. त्याच्या नावातील एका अक्षरावर त्याचे वर्षभराचे शुल्क अवलंबून आहे.